हाकेच्या आधी

"हाक संपली म्हणून टेप बंद करायची नाही, सुकन्या. तारा गप्प झाल्या की मग." गोरक्षनाथ सरांचं हे सांगणं मी आजही पाळते. सर आता नाहीत, पण दिवाळी सरली की मी पाथर्डीजवळच्या त्यांच्या वाडीत जाते.

तिथली एक रीत आहे. ऊसतोडीला निघण्याआधी जो तो कोरड्या बारवेत वाकतो आणि स्वतःच्याच नावाने हाक देतो. गावदेवीला आपली आठवण राहावी म्हणून. सरांनी बारवेच्या तोंडावर पोलादी तारा ताणल्या. नाव खाली जातं आणि तारांतून गुणगुणत वर येतं. वर्षानुवर्षांच्या अशा हाका, हीच त्यांची संगीतरचना. पुण्यातल्या जाणकारांनी नाकं मुरडली. मला मात्र शंका नाही. माणूस निघून गेल्यावर त्याच्या आवाजाचं काय होतं, हे आपल्याकडे इतक्या बारकाईने दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही. सरांवरच्या माझ्या पुस्तकात मी तसं ठाम लिहिते आहे.

त्याच पुस्तकासाठी, आवाज ओळखून घ्यायला, मी जुन्या टेपा घेऊन वाडीतल्या लंकाबाईंच्या ओट्यावर बसले होते. गुडघे गेल्यापासून त्या तोडीला जात नाहीत. काही हाकांच्या आधीच तारांचा पुसट जबाब ऐकू येई.

"बारवेला लईच घाई," लंकाबाई हसल्या. "नाव घ्यायच्या आधीच ओ देती."

मी समजावलं. टेपचे वेढे एकमेकांवर दाबून राहिले की आवाजाचा ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतो, आणि तो आधी ऐकू येतो. जुनाच दोष आहे.

"आसंल." पुढची टेप ऐकताना मात्र त्यांनी पदर तोंडाला लावला. "ही रंगुबाई. ह्यो मच्छिंद्र. ताई, तुमचा दोष ह्यांच्याच नावाला कसा?"

"म्हणजे?"

"तोडीवरनं माघारी आली न्हाईत ती मानसं."

योगायोग, मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

यंदाच्या हाका मी लहानशा डिजिटल रेकॉर्डरवर घेतल्या. त्यात टेप नाही, वेढे नाहीत. लंकाबाईंची सून राजेश्वरी बारवेत वाकता वाकता म्हणाली, "ताई, माझा आवाज नगरला तुमच्या माडीत ऱ्हानार, आन मी राहात्याला फडावर, पाचटाच्या कोपीत." सगळे हसले. मग ट्रक गेला आणि वाडी रिकामी झाली.

मी लंकाबाईंकडेच मुक्काम केला. सकाळी पूजा होईपर्यंत माझं मौन असतं, रोजचंच. तेवढ्या वेळात मी ऐकून घेते. लंकाबाईंच्या मुलाची, आदिनाथची हाक आली, मग तारा. शेजारणीची हाक, मग तारा.

मग तारा. हलक्या, पण स्पष्ट. राजेश्वरी.

त्यानंतर राजेश्वरीची हाक.

मी पुन्हा लावून पाहिलं. तसंच.

पूजा पुरी केली, नैवेद्य दाखवला, मगच तोंड उघडलं. लंकाबाईंना सगळं सांगितलं.

त्यांनी आधी मुलाला, मग सुनेला फोन लावून पाहिला. "दोघांचंबी फोन लागंनात. आन लागला तरी ती माझं ऐकायची न्हाई. म्हनंल, सासूला करमंना. तुमचं ऐकंल. आनाल का तिला?"

"आणते," मी म्हणाले. "देवीची शपथ."

पिशवी भरताना, खात्री म्हणून, एकदा परत ऐकलं. राजेश्वरीची हाक आली, स्वच्छ. तारा तिच्यानंतर, जशा यायला हव्यात तशा.

शेवटची हाक माझी होती. हाका टिपणाऱ्यानेही एक द्यायची, ही सरांपासूनची पद्धत. सकाळी ती नीट होती.

आता आधी तारा गुणगुणल्या. सुकन्या.

मग माझा आवाज आला.

मी हेडफोन काढून नीट गुंडाळले. लंकाबाईंनी फडक्यात भाकरी बांधून दिली.

"गाडी मिळंल ना, ताई?"

"मिळेल."

चपला घातल्या, आणि राहात्याच्या गाडीसाठी सडकेकडे चालू लागले.