न हलणारी थेला

ओरुमच्या आकाशात एक गोष्ट कधीच जागची हलत नसे.

सूर्य उगवायचा, मावळायचा. तारे उगवायचे, मावळायचे. पण दक्षिणेच्या डोंगरांवर टेकल्यासारखा दिसणारा तो प्रचंड केशरी गोळा, थेला, होता तिथेच असायचा. शाल्मली खरात आईबरोबर ओरुमवर आली त्याला पृथ्वीच्या हिशेबाने सात महिने झाले होते. पहिल्या दिवशी थेला दोन जुळ्या सुळक्यांच्या बरोबर मध्ये होती. आजही ती तिथेच होती, बोटभरसुद्धा सरकली नव्हती.

शाल्मलीला याचंच कोडं पडलं होतं. कारण येताना यानाच्या खिडकीतून तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, की थेला हा एक महाकाय ग्रह आहे आणि ओरुम हा त्याचा उपग्रह (ग्रहाभोवती फिरणारा लहान गोल) आहे. आपल्या पृथ्वीच्या सहा दिवसांत ओरुमची थेलाभोवती एक फेरी पूर्ण होते. मग जमिनीवरून पाहताना थेला सरकलेली का दिसत नाही?

हे तिने ओरुमची भाषा शिकवणाऱ्या आपल्या शिक्षिकेला, तुवालला, विचारलं असतं. पण विचारायची सोय नव्हती. ओरुमवासी थेलाला आई मानत. आई स्थिर बसलेली आहे, तिच्या पायाशी ओरुमही स्थिर बसलेला आहे, फिरतात ते फक्त सूर्य आणि तारे, असं तिथल्या धर्मपीठाचं, स्थिरपीठाचं, सांगणं होतं. आणि पृथ्वीच्या दूतावासाचा नियम होता, की ओरुमच्या धर्माला लागेल असं कोणीही, काहीही बोलायचं नाही. शाल्मलीची आई वसुधा खरात तर पृथ्वीची राजदूतच होती. त्यामुळे तो नियम घरात सगळ्यांत कडक.

पण एक दिवस धडा संपता संपता तुवालनेच विषय काढला. तुवाल खूप म्हातारी होती. ओरुमवासीयांच्या गळ्याखाली एक पातळ पिशवी असते आणि मन भरून आलं की ती फुगते. तुवालची तशी फुगलेली होती.

"मुली, मी घरात एक दगड टांगलाय," ती म्हणाली. "तो मला सांगतो की आपण फिरतोय. तुम्ही वरून आलात. तुम्ही पाहिलं असेल. पण मी तुला विचारणार नाही. तुला बोलायची मनाई आहे, मला ठाऊक आहे."

शाल्मली खाली मान घालून बसली. खरं माहीत असूनही गप्प बसावं लागतं तेव्हा किती लाज वाटते, ते तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी तुवाल शिकवायला आली नाही. स्थिरपीठाच्या शिपायांनी तिला धरून नेलं होतं. 'आई स्थिर आहे, पण आपण फिरतो' असं तिने बाजारात चार लोकांसमोर बोलून दाखवलं होतं. गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा ठरलेली होती, पाठीकडच्या प्रदेशात हद्दपारी. ओरुमच्या त्या बाजूवरून थेला कधीच दिसत नाही. तिथे कोणी राहत नव्हतं.

शाल्मली तडक दूतावासाच्या वेधशाळेत गेली. तिथे खगोलशास्त्रज्ञ नौशाद मुल्ला दुर्बिणीची काच पुसत बसले होते. ते मूळचे मिरजेचे. दूतावासातली मुलं त्यांना नौशादचाचा म्हणत.

"चाचा, तुवाल खरं बोलते ना?"

"शंभर टक्के खरं."

"मग थेला का हलत नाही?"

चाचांनी काच खाली ठेवली. "तू आजीबरोबर देवळात प्रदक्षिणा घातली असशील की."

"घातलीय."

"मग हे टेबल म्हणजे देऊळ. घाल बरं एक प्रदक्षिणा. देव कुठल्या अंगाला असतो?"

"उजव्या."

"उजवा खांदा टेबलाकडेच ठेवायचा. आणि चालताना समोर काय दिसतं ते मोठ्याने सांगायचं."

शाल्मली चालू लागली. "दार... आता खिडकी... आता फळा... आता कपाट... पुन्हा दार."

"टेबल उजव्या खांद्याकडून हललं का कुठे?"

"नाही."

"पण चारी भिंती तुझ्यासमोरून गेल्या. म्हणजे एका फेरीत तू स्वतःभोवतीही एकदा फिरलीस. जागच्या जागी उभी राहून गिरकी घेतली असतीस तर अशाच चारी भिंती दिसल्या असत्या."

शाल्मली थांबली. मग तिने आणखी एक प्रदक्षिणा घातली, या खेपेला अगदी हळू.

"म्हणजे ओरुम थेलाभोवती एक फेरी मारतो, तेवढ्यात स्वतःभोवतीही एकच गिरकी घेतो," ती म्हणाली. "म्हणून थेला हलत नाही. आणि सूर्य-तारे भिंतींसारखे सरकत जातात!"

"शाब्बास! दुसऱ्याभोवती फिरणं म्हणजे परिभ्रमण (फेरी मारणे), स्वतःभोवती फिरणं म्हणजे परिवलन (गिरकी घेणे). दोन्हींना लागणारा वेळ सारखा झाला की मोठा गोळा आकाशात खिळून राहिलेला दिसतो. आपला चंद्रही असाच आहे. चंद्रावर उभं राहिलं तर पृथ्वी एकाच जागी दिसते. मोठ्या गोळ्याच्या ओढीने लहान गोळा किंचित ताणला जातो, आणि त्या ताणाचा ब्रेक लागत लागत, कोट्यवधी वर्षांत, त्याची गिरकी फेरीच्या तालावर येते."

"पण तुवालकडे यान नाही. तिला घरात बसून कसं कळलं?"

चाचांनी एक फिरती खुर्ची ओढली. तिच्या दोन्ही हातांवर आडवी पट्टी बांधली, पट्टीच्या मधोमध दोरा बांधून त्याला एक जड नट लटकवला. नटाला दार ते फळा असा झोका दिला आणि खुर्ची अगदी सावकाश फिरवली. शाल्मली पाहतच राहिली. खुर्ची फिरली, पट्टी फिरली, पण नट मात्र आपला दार ते फळा, दार ते फळा असाच झुलत होता.

"याला लंबक (टांगलेलं, झुलणारं वजन) म्हणतात," चाचा म्हणाले. "तो झुलण्याची दिशा सोडत नाही. आता तू मुंगी होऊन त्या खुर्चीवर बसली आहेस असं समज. तुला खुर्ची फिरताना कळणार नाही. तुला काय दिसेल?"

"लंबकच वळतोय असं दिसेल."

"आणि त्यावरून अक्कलवान मुंगी काय ओळखेल?"

"की खुर्ची फिरतेय." शाल्मलीचा आवाज चढला. "एवढं साधं आहे? आणि एवढ्यासाठी तिला हाकलून देणार?"

दूतावासाच्या घड्याळाने संध्याकाळ झाल्यावर, जेवताना तिने आईला धारेवर धरलं. आई शांतपणे म्हणाली, "शाल्मली, चार दिवसांनी पाण्याचा तह आहे. आपल्या यानांना इथे पाणी मिळालं नाही, तर पुढचा प्रवास तीन महिन्यांनी लांबतो. तहाच्या बदल्यात पीठाला माझ्याकडून हवं होतं, की ओरुम स्थिर आहे असं मी तुवालच्या सुनावणीत, भर सभेत म्हणावं. मी नाही म्हटलं. शेवटी एवढंच ठरलं, की पृथ्वीला याविषयी काही म्हणायचं नाही, असं मी सांगायचं."

"म्हणजे खोटं बोलणार नाहीस, फक्त खरं गिळून टाकणार!"

"हा त्यांचा प्रश्न आहे."

"तुवाल मला शिकवायला येत होती तेव्हा ती आपली होती. आता ती त्यांचा प्रश्न झाली?"

आईने आपलं ताट उचलून ठेवलं. त्या दोघी एकमेकींशी पुढचे दोन दिवस बोलल्या नाहीत.

सुनावणी तहाच्याच दिवशी, पीठाच्या स्थिरमंडपात होती. घुमटाच्या टोकातून साठ हात लांब दोरावर एक दगडी दिवा खाली सोडलेला होता, माणसाच्या वजनाचा. भोवती हजारभर ओरुमवासी जमले होते. मध्ये उंच आसनावर पीठाचा प्रमुख बसला होता. त्याला सगळे महास्थिर म्हणत. तुवाल समोर उभी होती. तिच्या हातांना साखळी होती, ते पाहून शाल्मलीने दात आवळले.

महास्थिराने विचारलं, "पृथ्वीचे पाहुणे बाहेरून आले आहेत. त्यांना आरोपीच्या बाजूने काही सांगायचंय?"

वसुधा खरात उभ्या राहिल्या. "पृथ्वीला या विषयावर काही म्हणायचं नाही."

लगेच भालदार ओरडला, "पृथ्वीनेही हिची बाजू घेतली नाही! पृथ्वीनेही हिला खोटं ठरवलं!"

"आम्ही असं नाही म्हटलं!" शाल्मली ताडकन उठली. ती ओरुमच्या भाषेत बोलत होती, तुवालने शिकवलेल्या. "आम्ही वरून पाहिलंय. ओरुम फिरतो! तुवाल खरं बोलते!"

मंडपात एकच गलका झाला. महास्थिराने हात वर केला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "बाळ, आमची भाषा इतकी छान कोणी शिकवली तुला?"

"तुवालने."

"ऐकलंत?" तो लोकांकडे वळला. "परक्यांनी हिला फितवलं. हा विचार आपल्या मातीतला नाहीच."

शाल्मलीला डाव कळला. खरं बोलून तिने तुवालचं नुकसान केलं होतं. आईने तिचा दंड धरला होता, पण तिला खाली बसवलं नाही.

तेव्हा तुवाल बोलली. "या मुलीला सोडा. पृथ्वीचं म्हणणंही सोडा. त्यांनी सांगितलं काय आणि पीठाने सांगितलं काय, ते शब्दच. हा दिवा आपला आहे, आपल्या आजोबा-पणजोबांनी टांगलेला. आपण त्यालाच विचारू."

तिने सांगितलं तसं लोकांनी केलं. दिवा विझवून त्याच्या तळाला एक अणकुचीदार खिळा बांधला. खाली जमिनीवर राख पसरली. दिवा एका बाजूला ओढून सुताने खांबाला बांधला.

"हे सूत महास्थिरांनी स्वतः जाळावं," तुवाल म्हणाली. "म्हणजे मी धक्का दिला असं कोणी म्हणणार नाही."

महास्थिर हसला. दिवा आपली रेघ सोडेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो खाली उतरला आणि त्याने सूत जाळलं. दिवा सावकाश झुलू लागला. राखेत एक सरळ रेघ उमटली. पुढच्या झोक्याची रेघ तिच्यावरच पडली.

एक तास गेला. ओरुमवर एकदा उजाडलं की आपल्या सलग तीन दिवसांएवढा वेळ उजेड असतो, त्यामुळे अंधार पडायची घाई नव्हती. कोणी घरून भाकऱ्यांसारखी जाड बिस्किटं आणली, कोणी पोरांना कडेवर घेऊन उभं राहिलं. ते शहर ओरुमच्या ध्रुवाजवळ होतं आणि लंबकाखालची जमीन ध्रुवाजवळच सर्वांत चांगली वळते. दुसऱ्या तासाला रेघ जराशी जाड झाली. चौथ्या तासाला राखेत एक अरुंद पंखा उमटला. आठव्या तासाला तो पंखा इतका रुंद झाला, की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा बोट दाखवून ओरडू लागली.

हजार गळ्यांच्या हजार पिशव्या फुगल्या होत्या. महास्थिर वाकला. त्याने बोटाने पहिली रेघ चाचपली, मग शेवटची. त्याचा चेहरा उतरला होता. त्याला कळलं होतं, हे शाल्मलीने स्पष्ट पाहिलं. आता तरी तो खरं बोलेल, असं तिला वाटलं.

तो उभा राहिला आणि म्हणाला, "दिवा बिघडला आहे. पवित्र दिवा बिघडवल्याबद्दल तुवाल हद्दपार."

शाल्मलीचा संताप अनावर झाला. पण तिच्या आधी आई पुढे गेली. तिने तहाचा कागद बाहेर काढला.

"यावर सही करायला मी इतक्या लांबून आले," वसुधा खरात म्हणाल्या. "ती आज होणार नाही. तुवाल परत येईपर्यंत होणार नाही. आमची यानं तीन महिने जास्त प्रवास करतील. आणि माझी मुलगी बोलली ते खरं आहे. ते मी बोलायला हवं होतं, विचारलं तेव्हाच."

परतताना गाडीत शाल्मली आईला चिकटून बसली. "पृथ्वीवरचे लोक तुला रागावतील?"

"रागावतील. रागावू देत."

हद्दपारीची शिक्षा काही टळली नाही. तिसऱ्या दिवशी तुवाल वेशीबाहेर पडली, तेव्हा तिच्याबरोबर तिचे अकरा शिष्य आपणहून निघाले. शाल्मली वेशीपर्यंत गेली.

"हे अन्यायाचं आहे," ती हुंदके देत म्हणाली. "तू खरी ठरलीस तरी तुलाच जावं लागतंय!"

"आहेच अन्यायाचं," तुवाल म्हणाली. "राग आलाय ना? तो जपून ठेव. फुकट घालवू नकोस. आणि हे बघ, पाठीकडच्या प्रदेशाचा नकाशा अजून कोणी काढलेलाच नाही. आम्ही काढू. तिकडे थेलाचा उजेड नाही, म्हणजे तारे किती छान दिसत असतील!" आणि ती चालू लागली.

त्याच दिवशी स्थिरपीठाने नवा हुकूम काढला. शहरात कोणीही, कोणत्याही कारणाने, दोराला वजन बांधून टांगायचं नाही.

शाल्मली दुसऱ्या दिवशी नौशादचाचांबरोबर बाजारात गेली. कुठल्याच दुकानात दोर शिल्लक नव्हता, लोकांनी सगळा विकत नेला होता.