दीड महिना शिळं पाणी

शेवंता गाडेकरने रुमालाची गाठ सोडली आणि प्रयोगशाळेच्या पांढऱ्या टेबलावर नवऱ्याचे केस ठेवले. वीतभराला थोडे कमी, एका टोकाला दोऱ्याने बांधलेले.

“निम्मे तुमचे, निम्मे देवीचे,” ती म्हणाली. “सगळे नाही द्यायची मी. आधीच सांगते.”

डॉ. वत्सला हिरेमठ यांना कुणी अटी घातलेल्या खपत नसत. सोलापूरच्या समस्थानिक प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. सचिवांनासुद्धा बाहेरच्या बाकावर बसवून ठेवणाऱ्या. पण या बाईपुढे त्या नुसतं “बरं” म्हणाल्या आणि हातमोजे चढवले. मृताच्या बायकोशी हुज्जत घालण्याइतका त्यांचा स्वभाव वाईट नव्हता.

हकीकत साधी होती, म्हणजे ऐकताना अंगावर काटा येईल इतकी साधी. सोपान गाडेकर अवजड गाड्यांचा मेकॅनिक. चौदा महिन्यांपूर्वी एका कंत्राटदार कंपनीने त्याला परदेशात, अल-रिम्ला बंदरावर कामाला नेलं. त्याच्याबरोबर तालुक्यातले आणखी बावीस जण गेले, त्यांत शेवंताचा धाकटा भाऊ अंकुश. जायच्या दोन महिने आधीच सोपानने देवीपुढे डोकं तुळतुळीत केलं होतं आणि नवस बोलला होता, की सुखरूप परत येईपर्यंत केसाला कात्री लावणार नाही.

तीन आठवड्यांपूर्वी तो पेटीतून परत आला. किनाऱ्याच्या रस्त्यावर बस उलटली, असं कंपनीचं पत्र. पेटीवर चिठ्ठी होती, ‘उघडू नये’. आता उघडू नये म्हटल्यावर कोणती बायको उघडणार नाही? अंगावर अपघातासारख्याच जखमा होत्या. शेवंताने नवसाचे केस कापून घेतले आणि मग अग्नी दिला.

त्यानंतर आठ दिवसांनी अंकुशचा फोन आला होता. “अक्का, आम्ही बंदरावर नाही! डोंगर आहेत, वर बर्फ दिसतंय, झरकंद म्हणत्यात—” आणि आवाज तुटला.

झरकंद! तीन वर्षं युद्धात जळणारा पहाडी मुलुख. तिथे कामगार न्यायला कायद्याने बंदी. कंपनी म्हणाली, फोन बनावट आहे. पालकमंत्री रणधीर बोखारे सभागृहात म्हणाले, “झरकंदमध्ये आमचा एकही माणूस नाही. आणि या कंपनीशी माझा काडीचा संबंध नाही.” कंपनीला परवाना मिळावा म्हणून शिफारसपत्र यांचंच, बरं का. पण ते म्हणे प्रत्येकालाच देतात.

सोमवारपासून झरकंदमध्ये पाच दिवसांचा युद्धविराम होता. आंतरराष्ट्रीय मदतपथक तळांवर अडकलेले परके कामगार बाहेर काढणार होतं, पण तळ नेमका कुठे आहे हे ज्यांच्या देशाने लेखी कळवलं असेल त्यांनाच. शेवंता उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती म्हणाले, पुरावा आणा. आज मंगळवार होता.

“यातून कळंल का, ते कुठं होते?” तिने विचारलं.

“कळेल,” वत्सलाबाई म्हणाल्या. “माणूस जे पाणी पितो ते त्याच्या केसात उतरतं. पाण्यातला ऑक्सिजन दोन तऱ्हेचा असतो, हलका आणि जड. समुद्राच्या पाण्यात जड जास्त. बर्फाच्या पाण्यात जड फार कमी. आपल्याकडचं पाणी मधलं. याला आम्ही जलमुद्रा म्हणतो. केस महिन्याला बोटभर रुंदीएवढाही वाढत नाही, पण वाढतो तेव्हा त्या दिवसाची जलमुद्रा घेऊन वाढतो.”

“बंदरावर काय पितात?”

“समुद्राचं पाणी गोडं करून. तिथे असता तर केस जड आले असते. झरकंदमध्ये असता तर हलके.”

“हलकेच येतील,” शेवंता म्हणाली. “माझा भाऊ खोटं बोलत नाही.”

संध्याकाळी आकडे आले. वत्सलाबाईंचे सहकारी डॉ. फैयाज मुजावर कागद हातात घेऊन नुसतेच उभे राहिले.

“बोला की हो, तोंडाला कुलूप लावलंय का?” वत्सलाबाई म्हणाल्या.

“मॅडम, समुद्रही नाही आणि बर्फही नाही. सरासरी काढली तर तंतोतंत कारंबवाडी तलाव. यांच्या गावाचं पाणी! हा माणूस गाव सोडून गेलाच नाही असं दिसतंय.”

बुधवारी न्यायालयात जे व्हायचं ते झालं. कंपनीचे वकील सबनीस यांनी अहवाल दोन बोटांत धरून हवेत हलवला. “महाराज, या विज्ञानानुसार मयत इसम चौदा महिने घरी बसून होता! पासपोर्टवर मात्र विमानतळाचा शिक्का आहे. आता शिक्का खरा की केस खरे?” हशा पिकला. न्यायमूर्तींनी चष्मा काढून वत्सलाबाईंकडे पाहिलं. “डॉक्टर, उद्या अकरापर्यंत तुमच्याकडे दुसरं काही असलं तर आणा. नसलं तर अर्ज निकाली काढावा लागेल.”

परतीच्या गाडीत वत्सलाबाईंना स्वतःचाच संताप आला होता. घाईघाईने केसांचा भुगा करून सरासरी काढली, असं एखादा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी करता तर त्यांनी त्याला दाराबाहेर काढलं असतं.

प्रयोगशाळेत आल्यावर शेवंताला बसवेना. हाताला काम हवं म्हणून ती कोपऱ्यातल्या माठाशी गेली, झाकण काढून आत पाहिलं आणि सगळं पाणी मोरीत ओतून दिलं.

“अगं अगं, चांगलं पाणी होतं ते!” वत्सलाबाई ओरडल्या.

“कालचं होतं. शिळं झालं.”

“पाणी कधी शिळं होतं का? तेच पाणी आणि तोच तलाव!”

“तलाव तोच असंल, पण पाणी कालचंच की,” शेवंता म्हणाली आणि नळ सोडला.

“पाणी कालचंच,” वत्सलाबाई पुटपुटल्या. मग त्यांनी एकदम फैयाजना हाक मारली, इतक्या मोठ्याने की बाहेरचा शिपाईसुद्धा धावत आला. “फैयाज! कारंबवाडी तलावाचे नमुने आपण दर आठवड्याला घेतो ना पाटबंधारे खात्यासाठी? दोन वर्षांचे काढा. आणि एक अख्खा केस लेसरखाली लावा. टोकापासून मुळापर्यंत, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने. भुगा करायचा नाही!”

काम चार तास चाललं. पडद्यावर दोन रेषा उमटत गेल्या, निळी तलावाची आणि लाल सोपानच्या केसाची.

“शेवंता, इकडे ये. ही निळी रेघ चढतेय ना, हा उन्हाळा. ऊन तापलं की तलावातलं हलकं पाणी आधी उडून जातं आणि मागे जड राहतं. पाऊस पडला की परत उतरते. आता लाल बघ. एप्रिलमध्ये चढायला लागली, मेमध्ये चढली, जूनच्या मध्यापर्यंत चढली. निळीच्या अगदी अंगावर.”

“तेव्हा ते घरीच होते. जूनच्या चौदाला गेले.”

“चौदालाच. आणि चौदाला ही लाल रेघ काय करते? उडी मारून खाली येते, एप्रिलच्या शेवटी जिथे होती तिथे, आणि तोच चढ पुन्हा चढते. दशांशालाही फरक नाही.”

फैयाज खुर्चीतून उठून उभे राहिले. “एका वर्षात दोन उन्हाळे! मॅडम, हा माणूस एकच दीड महिना दोनदा प्यायलाय.”

“घरी ताजं प्यायला, आणि तिकडे जाऊन तेच शिळं प्यायला. सत्तेचाळीस दिवस शिळं. पुढे वर्षभर प्रत्येक चढउतार सत्तेचाळीस दिवस उशिरा.” त्यांनी चष्मा पुसला. “आपल्या तलावाचं पाणी बाटल्यांत भरून त्याच्यापर्यंत जात होतं गं. आणि पोचायला सत्तेचाळीस दिवस लागत होते.”

शेवंताने लाल रेघेवर बोट ठेवलं. “बर्फाच्या मुलखात, झऱ्यांच्या मुलखात, इथनं पाणी नेत होते?”

“हो.”

“का? याड लागलंय का त्यांना?”

हा प्रश्न कुणाही शहाण्या माणसाला पडेल आणि त्याचं उत्तर विज्ञानात नाही. कारंबवाडी तलावाकाठी बाटलीबंद पाण्याचा एकच कारखाना होता, आणि तो पालकमंत्र्यांच्या सख्ख्या मेहुण्याचा होता. शिफारसपत्राची परतफेड कुणी पाकिटातून करत नाही हल्ली. तेवढी अक्कल सगळ्यांना आलीय. कंपनीने मेहुण्याचं पाणी घ्यायचं, सात समुद्र ओलांडून न्यायचं, आणि जिथे नुसतं वाकलं तरी ओंजळीत गंगा मिळते तिथे ते प्यायला द्यायचं. लाच नव्हतीच ती मुळी. कामगारांच्या आरोग्याची काळजी होती!

गुरुवारी अकराला सबनीस वकील हसत आले. वत्सलाबाईंनी दोन्ही रेषा न्यायमूर्तींपुढे ठेवल्या आणि दहा मिनिटं बोलल्या. सबनिसांचं हसू कमी झालं, पण माणूस कसलेला.

“महाराज, यात विशेष काय? बंदरावर आमचे कामगार गावाकडचंच बाटलीबंद पाणी पीत होते. मायेपोटी पाठवत होतो.”

“अस्सं,” न्यायमूर्ती म्हणाले. “म्हणजे कारंबवाडीच्या कारखान्यातून तुम्हाला पाणी जात होतं, हे तुम्हाला मान्य?”

सबनिसांच्या मागे बसलेल्या एका गृहस्थाने कपाळावर हात मारला. तो कारखान्याचा व्यवस्थापक होता, हे मागाहून कळलं.

“मान्य... म्हणजे बंदरापुरतं.”

“डॉक्टर, बंदरावर पाणी पोचायला किती दिवस लागतात?”

“जहाजाला नऊ. सगळे सोपस्कार धरून बारा. उरलेले पस्तीस दिवस पाणी जमिनीवरून चाललं होतं, महाराज. बंदरापासून पस्तीस दिवस ट्रक चालवला तर बंदरावर पोचत नाही माणूस.”

या वेळी हशा पिकला तो सबनिसांच्या बाजूने नव्हता. निर्यातीच्या प्रत्येक खोक्यावर मार्गखूण लावायची सक्ती होती. खोकं कुठून कुठे गेलं ते ती उपग्रहाला सांगते आणि नोंद कारखान्याच्या संगणकात पडते. आजवर ती नोंद मागायला कुणाला कारण नव्हतं, कारण कारखान्याचं नावच कुठे आलं नव्हतं. ते केसांतून आलं. न्यायमूर्तींनी दुपारी दोनपर्यंत ती नोंद जप्त करायला सांगितलं आणि साडेतीनला ती वाचून दाखवली. चौदा महिन्यांची सगळी खोकी एकाच ठिकाणी जाऊन थांबली होती, झरकंदच्या उत्तरेकडच्या खिंडीत. अक्षांश, रेखांश, सगळं. मेहुण्याच्या पाण्याने बावीस माणसांचा पत्ता लिहून ठेवला होता.

न्यायालयाच्या आदेशाने चारला सरकारचं पत्र मदतपथकाकडे गेलं. शुक्रवारी, युद्धविराम संपायला सहा तास उरले असताना, दोन हेलिकॉप्टर खिंडीत उतरली. बावीसच्या बावीस जिवंत होते. पालकमंत्र्यांच्या छातीत त्याच दिवशी दुखू लागलं आणि ते रुग्णालयात दाखल झाले. यांच्या छात्या मोठ्या शिस्तीच्या असतात.

रविवारी सकाळी वत्सलाबाई शेवंताबरोबर विमानतळावर गेल्या. जायचं काही कारण नव्हतं, पण गेल्या. अंकुश बाहेर आला तो हाडांचा सापळा होऊन. त्याने बहिणीला पाहिलं आणि सव्वीस वर्षांचा तो बाप्या तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. शेवंता रडली नाही. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग ती वत्सलाबाईंकडे वळली. “बाई, तुमच्या त्या रेघेत शेवटचा दिवस कोणता आहे?”

वत्सलाबाईंना हा प्रश्न नको होता. “शेवटचे आठ-दहा दिवस केसात नसतात, शेवंता. ते अजून कातडीखाली असतात, आणि कापलेल्या केसात येत नाहीत. ते मला माहीत नाहीत.”

“मला आहेत,” अंकुश म्हणाला.

तो खाली फरशीकडे बघत बोलू लागला. लढाई खिंडीपाशी आली आणि ट्रक बंद झाले. बाटल्या संपल्या. झरा खाली होता, दिसायचा, पण उतारावर समोरच्यांच्या तोफांचा मारा. तीन दिवस कुणी उतरलं नाही. चौथ्या दिवशी एकाची जीभ सुजली, तेव्हा दाजींनी दोन कॅन उचलले. सहा दिवस रोज उतरले. कुणालाही बरोबर येऊ दिलं नाही. सातव्या दिवशी गोळा वरच्या कड्यावर पडला आणि दरड त्यांच्या अंगावर आली. दोन दिवसांनी लढाई मागे हटली आणि पहिल्याच ट्रकमधून त्यांना नेलं.

“त्यांच्यामुळं आम्ही बावीस राहिलो, अक्का.”

शेवंताने त्याचा हात धरला. “त्या दिवशी... ते स्वतः प्यायले होते का रे? का भरून तसेच निघाले? त्यांना तहान सोसत नव्हती कधी. जेवताना तांब्या जवळ लागायचा.”

अंकुशने वर पाहिलं.

“प्यायले की! मी वरनं बघत होतो. गुडघ्यावर बसून ओंजळीनं प्यायले, पोट भरंस्तोवर. डोक्यावर पण घेतलं, केसांवरनं. अन् माझ्याकडं बघून ओरडले, ‘अंक्या, लेका, दात वाजत्यात रे!’”

“हसत होते?”

“हसत होते, अक्का.”

तेव्हा कुठे शेवंता खाली बसली आणि रडली.