चौथा ठिपका

आमच्या मेंदू-संशोधन सेंटरमध्ये पहिलं डोकं नेहमी टेक्निशियनचं जातं. नवा प्रयोग सुरू झाला की आधी स्वतः मशीनमध्ये झोपायचं, मग लोकांना झोपवायचं. नगर-मनमाड रस्त्यावरचं हे सेंटर, बेलापूरहून मी रोज एसटीने जाते. जूनमध्ये मी झोपले आणि माझं रेकॉर्ड बाद झालं. आमचे प्रमुख प्रशांत सर म्हणाले, "प्रज्ञा, उजवा हात हलवलास." मी हलवला नव्हता. पण सरांशी कोण हुज्जत घालणार? फाईल बाजूला पडली.

काम तसं सोपं. डोक्यावर तारांची टोपी घालायची आणि तशाच माणसाला एमआरआयमध्ये सरकवायचं. मेंदूत काही घडलं तर ते कधी, हे टोपी सांगते. कुठे, ते मशीन सांगतं. दोन्ही नोंदी एकमेकींवर नेमक्या बसाव्यात म्हणून आम्ही व्हिटॅमिन ईच्या तीन हिरव्या गोळ्या चिकटवतो, एक नाकाच्या मुळाशी, दोन कानांपुढे. आतल्या तेलामुळे चित्रात तीन पांढरे ठिपके उमटतात.

जालिंदरच्या चित्रात चार उमटले.

जालिंदर म्हणजे मिरजगावचा ट्रक ड्रायव्हर, प्रयोगासाठी आलेला. "मॅडम, डोक्यात भुसा निघाला तर घरी सांगू नका," म्हणत झोपला. चौथा ठिपका डोक्याच्या मागे, मधोमध होता. मी त्याचे केस चाचपले, तिथे काहीच नव्हतं. टोपीच्या नोंदीत अकरा वाजून आठ मिनिटं चाळीस सेकंदांवर त्याच जागी एक झटका होता आणि पुढे सगळ्या रेषा सरळ. तेव्हा जालिंदर आत पडून शांत श्वास घेत होता. सर म्हणाले, तार सैल असेल.

नऊ दिवसांनी मोबाईलवर सीसीटीव्हीची क्लिप आली. हायवेवरचा ढाबा, दोघांनी जालिंदरला ट्रकला दाबून धरलेलं, तिसऱ्याच्या हातात चाक खोलायची टॉमी. त्याने ती दोन्ही हातांनी घातली, डोक्याच्या मागे, मधोमध. जालिंदर गुडघ्यांवर बसला आणि तसाच पुढे कलंडला. क्लिपच्या कोपऱ्यात वेळ होती, अकरा आठ चाळीस. मी ती सात वेळा पाहिली.

कारण तोवर मी माझ्या धाकट्या भावाला त्याच मशीनमध्ये झोपवून बसले होते. माणसं कमी पडत होती, म्हणून सचिनला मीच ओढून नेलं होतं. त्याची फाईल उघडली. चौथा ठिपका डाव्या कानशिलावर. अकरा वीस. रेषा सरळ झाल्या होत्या, पण थोड्या वेळाने पुन्हा चालू झाल्या होत्या, बारीक. तेवढ्यावर मी आशा धरली.

सर म्हणाले, दोन चित्रांवरून काही ठरत नाही, रजा घे. मी घेतली.

रोज अकरा ते बारा मी घराला आतून कडी घालून दाराला पाठ लावून उभी राहायचे. दोन दिवस सचिन हसला. "ताई, याड लागलं का तुला?" पाचव्या दिवशी तो बोलेनासा झाला. सहाव्या दिवशी त्याला शुगर फॅक्टरीत मुलाखतीला जायचं होतं, बाराला. बाहेर मित्राची गाडी हॉर्न वाजवत होती.

"आज न्हाई गेलो तर नोकरी गेली. सरक."

"बाराला सरकते."

त्याने माझा दंड धरून मला भिंतीवर आपटलं. आई मध्ये आली. त्याने तिलाही ढकललं. ओट्याच्या कडेवर तिचा खांदा आदळला, कडकन आवाज झाला.

मला राग आला. असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणी बरं वाटलं.

खलातला लोखंडी बत्ता माझ्या हातात होता.

सचिनने कडीला हात घातला. त्याचं डावं कानशील माझ्याकडे होतं.

एकच घाव. रक्त माझ्या कोपरापर्यंत आलं, गरम.

समोर घड्याळात अकरा वीस झाले होते.

आईने पोलिसांना सांगितलं, "न्हाणीत पाय घसरला त्याचा." सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. सचिन वाचला. आतल्या खोलीत पडून असतो, बोलत नाही. मी गेले की तोंड भिंतीकडे करतो.

काल कामावर जाऊन मी माझीच बाद फाईल उघडली. मेंदूतली उजव्या हाताची जागा अकरा वीसला पेटली होती. खोलीतल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही काढलं. त्यात माझा हात चादरीवर पालथा पडलेला, बोटसुद्धा हलत नव्हतं.

ती जागा दोनदा पेटली होती. दुसऱ्यांदा अकरा एकतीसला.

सचिनच्या चित्रात ठिपका एकच आहे. आईचं डोकं आम्ही कधी तपासलेलं नाही.

रोज अकरा ते बारा घराबाहेर राहायचं मी ठरवलं. पण आज रविवार, आणि आईने हाक मारली. त्या दिवसापासून तिचा खांदा वर जात नाही, केसांना तेल लावता येत नाही. तिने वाटीत खोबरेल कोमट केलं होतं, माझ्या पिशवीतली एक हिरवी गोळीही शोधून ठेवली होती.

"केस लई गळत्यात. ही फोड अन् घाल तेलात," म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून ओट्यापाशी खाली बसली. ओट्यावर खल होता, बत्ता धुऊन त्यात उभा ठेवलेला.

मी गोळीला टाचणी लावली. ती फुटली नाही, निसटली आणि आईच्या टाळूवर, पांढऱ्या केसांत जाऊन बसली. मी ती काढली नाही. घड्याळात अकरा एकोणतीस झाले होते.

"थांबलीस का?" आई म्हणाली. "चोळ की."