नकारधागा

कमळजाबाई इंगवले प्रयोगशाळेत आल्या त्या घरचा कॉम्प्युटर पोटाशी धरून. जुनाट डबा, त्याभोवती सुती चादर गुंडाळलेली. तान्ह्या लेकराला उन्हातून आणावं तशी. दारावरच्या पहारेकऱ्याने मदतीला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "लांब हो. ह्याला परका हात खपत नाही. आणि मलाही."

सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या प्रयोगशाळेत घरगुती कॉम्प्युटरची नवी संचालन प्रणाली तयार होत होती. तिचं नाव 'प्रभा'. घरोघरी वर्षानुवर्षं चालत आलेली 'सावली' ही प्रणाली आता थकली होती. तिच्या भिंतींना चिरा पडल्या होत्या आणि त्या चिरांतून चोर आत शिरत होते. 'प्रभा' फुकट होती, चपळ होती, तिची कुलपं भक्कम होती. तरी लोक तिला उंबऱ्याच्या आत घेईनात.

"अडाणी आहेत, दुसरं काय!" मुख्य अभियंता हणमंत तोडकर म्हणाला. "आयतं ताट वाढून दिलंय, तर म्हणे जेवायला लावू नका."

"तुम्ही ताट वाढलंय, तोडकर, पण त्यांचा हात काढून घेऊन," डॉ. यामिनी शेवडे म्हणाल्या. माणसाची सवय हा त्यांचा अभ्यासाचा विषय, आणि तोडकर हा नावडीचा. "सावली माणसाला फारसं विचारत नाही. पडद्यावरचा नेत्रवेध नजर कुठे वळते ते बघतो, आणि बोट हलायच्या आत उत्तर देऊन टाकतो. हे ठेवू का, ते पुसू का, कुठे ठेवू... दिवसभरातले असले शेकडो प्रश्न माणसाच्या कानावरही येत नाहीत. वर्षानुवर्षं शिकून त्या माणसाचा एक साचा तयार झालेला असतो. सवयसाचा. प्रभा आली की साचा गेला. मग तेच सगळे प्रश्न एकदम अंगावर येतात. माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो."

"म्हणून तर साचा उचलून प्रभेत बसवतोय ना! माझा स्वतःचा सकाळीच बसवला. काय बिघडलं?"

"तुमचं काय बिघडणार? तुम्हाला प्रभेत यायचंच होतं."

कमळजाबाई एवढ्यात खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्यांचा व्यवसाय उखाण्यांचा. लग्नघरांतून मागणी यायची आणि त्या नवरीच्या तोंडी शोभेल असा उखाणा बांधून द्यायच्या. आज त्या आल्या होत्या ते डॉ. शेवड्यांनी शब्द दिला म्हणून: आम्ही फक्त बघू, तुम्ही नको म्हणालात तर आहे तसं परत देऊ.

"चहा घेणार का, काकू?" तोडकरने विचारलं.

"काकू तुमच्या घरी. काम दाखवते, बघा आणि मला सोडा."

त्यांनी सावली उघडली. तासगावची एक नवरी होती. तिची आई वर्षापूर्वी गेलेली, नवऱ्याचं नाव मल्हार. पडद्यावर एक ओळ उमटली. बाईंनी नुसत्या भुवया आक्रसल्या, ओळ गेली. दुसरी आली, गेली. यमकं चिमण्यांसारखी अंगणात उतरत होती आणि बाई एकेकीला हुसकत होत्या. नको. नको. हे तर सगळ्याच म्हणतात. हे खोटं. हे गोड, पण नको. मग त्या थांबल्या, डोळे ओले झाले आणि पडद्यावर दोन ओळी स्थिर झाल्या:

आईची शाल आली, आई नाही आली;
मल्हाररावांनी उचलून माझ्या खांद्यावर घातली.

तोडकरने घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजता प्रभेचं वितरण सुरू व्हायचं होतं. लाखो घरांत, प्रत्येकाच्या साच्यासकट.

"छान. आता साचा बसवतो," तो म्हणाला.

साचा चढला. पडदा उजळला, बाईंच्या घरच्यासारखाच सजला आणि प्रभेने विचारलं: 'नव्या प्रणालीत प्रवेश करू का?'

कोणी हात लावायच्या आत उत्तर आलं: 'नंतर.'

पडदा मावळला. तोडकरने पुन्हा सुरू केला. 'नंतर.' पुन्हा. 'नंतर.'

कमळजाबाई खळखळून हसल्या. "शहाणा आहे की माझा साचा! मी इतकी वर्षं जे म्हणत आले तेच म्हणतोय."

"ज्याला बदलायचं नाही त्याचा साचा जितका हुबेहूब, तितकाच ठाम नकार," डॉ. शेवडे म्हणाल्या. "हे व्हायचंच होतं."

"मग नकार काढतो."

"एकटा निघणार नाही तो. साच्यात प्रणाली बदलण्याचा नकार वेगळा आणि बेचव ओळीचा नकार वेगळा, असं नसतं. एकच धागा असतो, सगळ्या विणीतून गेलेला. तो ओढलात तर..."

"तर बाई जरा मवाळ होतील. बरंच आहे."

"तोंड सांभाळा, साहेब," कमळजाबाई म्हणाल्या. "आणि हात लावायचा नाही. मला शब्द दिलाय."

"मी नाही दिलेला."

त्याने कात्री चालवली. प्रभेवरच्या सगळ्या साच्यांना एकच कात्री होती. नकारधागा मुळातच कापला की आधी बसलेला आणि पुढे येणारा प्रत्येक साचा बिननकाराचा. डॉ. शेवडे उठून उभ्या राहिल्या तोवर झालंही होतं.

'नव्या प्रणालीत प्रवेश करू का?'

'होय.'

"बघा," तोडकर म्हणाला. "एका मिनिटाचं काम. याच्यासाठी तुम्ही वर्षभर निबंध लिहीत होता."

'आपल्या मजकुराऐवजी अधिक लोकप्रिय मजकूर सुचवत आहे. बदलू का?'

'होय.'

बाईंच्या दोन ओळी पुसल्या गेल्या. त्या जागी आलं:

चांदीच्या वाटीत केशराचा वास,
मल्हाररावांचं नाव घेते तुमच्यासाठी खास.

"अरे, अरे! काय करतंय हे?" बाई ओरडल्या. भुवया आक्रसल्या, मान हलवली, बोटाने पडदा दाबला. साच्याने काही जुमानलं नाही. चूक परत घेणं हाही नकारच असतो.

'नवरीकडे आपल्या नावाने पाठवू का?'

'होय.'

तासगावात एक पोर आत्ता फोन उघडत असेल. तिने उखाण्यात आईची आठवण मागितली होती, त्या जागी तिला केशराची वाटी मिळाली असेल.

"माझं जुनं परत द्या," कमळजाबाई म्हणाल्या. आवाज बारीक, पण धार लागलेली. "तुमच्या कुलपांना आग लागो. आत्ता परत द्या."

"देतो की. परतीची सोय आहेच." तोडकरने एक कळ दाबली.

'सध्याची प्रणाली कायम ठेवू का?'

'होय.'

त्याने पुन्हा दाबली. 'होय.' तिसऱ्यांदा दाबली. 'होय.'

"प्रश्न उलटा विचारायला लावा," डॉ. शेवडे म्हणाल्या. "'जुनी प्रणाली आणू का' असं."

"तसा प्रश्नच नाही. आम्ही सगळे प्रश्न असेच लिहिलेत. होय म्हटलं की आमच्या सोयीचं व्हावं. सगळेच तसे लिहितात, मॅडम! कोणी कधी..."

"यंत्र बदला मग."

"साचा यंत्रात नाही. खात्यात आहे."

डॉ. शेवड्यांचा चेहरा उतरला. "तोडकर, उद्या दारात चोर येईल. कुलूप भक्कम आहे, मान्य. तो कुलूप फोडणारच नाही. 'आत येऊ का' एवढंच विचारेल. लाखो घरांत. वितरण थांबवा!"

तोडकर धावतच आपल्या टेबलापाशी गेला. वितरणाचा अधिकार एकट्या त्याच्या खात्याला होता. तो त्याने हट्टाने मागून घेतला होता. पडदा जागा झाला. वरच्या कोपऱ्यातल्या घड्याळात पाच वाजायला थोडाच वेळ उरला होता.

'ठरल्याप्रमाणे वितरण सुरू करू का?'

त्याची नजर 'नाही'कडे धावली. धावता धावता तिने 'होय' ओलांडलं असेल, नसेल. साच्याला त्याची गरज नव्हती.

'होय.'

"नाही!" तोडकर किंचाळला. त्याने दोन्ही हातांनी डोळे झाकले, नेत्रवेधाला काही दिसू नये म्हणून. "नाही म्हणतोय मी! थांब! नाही!"

पडदा क्षणभर घुटमळला.

'आपला आवाज ओळखला. आपलं हे उत्तर आपल्या सवयीशी जुळत नाही. सवयीप्रमाणेच पुढे जाऊ का?'

'होय.'