ब्रेकमास्तरांची गाडी

गाडी गॅरेजात आली की मामा आधी मालकाकडे बघायचे आणि मग गाडीकडे. चालवणाऱ्याचे सगळे अवगुण गाडीत उतरतात, असं त्यांचं मत होतं, आणि ते खोटं पाडणारं गिऱ्हाईक त्यांना अजून भेटलं नव्हतं. पण त्या सकाळी दोरीनं ओढून आणलेल्या पांढऱ्या गाडीचा मालक आता दिसणारा नव्हता. तो मामांच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

भाऊजी हयात असतानाच मामांनी त्यांचं नाव 'ब्रेकमास्तर' ठेवलं होतं. रस्त्यावर कागदाचा कपटा उडाला तरी हा माणूस ब्रेक दाबायचा. उताराला लागले की त्यांच्यामागे गाड्यांची रांग लागायची आणि हॉर्नचा नुसता कल्लोळ. इतकं जपून चालवून शेवटी गेले ते साध्या तापानं, अंथरुणातच. ताई मात्र आता त्यांच्या गाडी चालवण्याचं कौतुक सांगत फिरायची. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं मामा मनात म्हणायचे, आणि कधीकधी मनाबाहेरही.

आता ही गाडी भाचीला, ताईच्या मुलीला, हवी होती. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली होती आणि पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. तिच्या वेळेला त्या बाजूची बस नव्हती. मामानं गाडी धड आहे म्हटलं तरच किल्ली मिळेल, नाहीतर नोकरीचं नाव काढायचं नाही, असं ताईनं सांगून टाकलं होतं. नवरा गेला तरी त्याचा भित्रेपणा बायकोनं जपून ठेवलाय, याची मामांना मनापासून चीड आली.

गाडीत विशेष काही नव्हतं. वर्षभर उघड्यावर उभी होती, त्यामुळे चाकांमागच्या ब्रेकच्या डिस्क गंजून लाल झाल्या होत्या. असा गंज चारदोन वेळा ब्रेक दाबले की डिस्कला दोन्हीकडून चिमटणाऱ्या पॅडांखाली घासून निघतो. मामांनी नवी बॅटरी बसवली आणि गाडी रस्त्यावर काढली. पहिल्याच वळणावर पत्र्यावरून नख ओढावं तसा आवाज निघाला. तो त्यांना अपेक्षितच होता. फक्त त्यांचा पाय अजून ब्रेकवर गेला नव्हता.

पुढच्या वळणावरही तेच झालं. वळण दिसलं की आधी आवाज यायचा, गाडी जराशी मागे ओढली जायची, आणि मग मामांचा पाय पॅडलवर पडायचा. पॅड अडकत असणार, दुसरं काय. परत येऊन त्यांनी पुढच्या दोन्ही डिस्क उतरवल्या, पॉलिश पेपरनं घासून लखलखीत केल्या आणि पुन्हा बसवल्या.

सकाळी त्या पुन्हा लाल झाल्या होत्या. गॅरेज कोरडं होतं. शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या डिस्कवर गंजाचा ठिपकाही नव्हता.

मामांनी खाली बसून नीट पाहिलं. पॅड टेकलेलं असतं तिथे गंज धरत नाही, तेवढा चौकोन स्वच्छ राहतो, हे त्यांना ठाऊक होतं. इथे तो चौकोन होताच. पण डिस्कच्या दुसऱ्या कडेला आणखी चार अरुंद पट्टे स्वच्छ राहिले होते, एकाशेजारी एक. मागच्या बाजूला आरसा धरून पाहिलं तर तिथे एक पट्टा होता, जरा रुंद. दुसऱ्या चाकावरही तसंच, फक्त उलट्या हाताचं.

तेलकट बोटं लागली की तिथे गंज येत नाही. कुणीतरी रिकामटेकडं गिऱ्हाईक नाही तिथे हात लावून गेलं असणार. जगातल्या समस्त गिऱ्हाइकांना शिव्या घालून मामांनी डिस्क पुन्हा घासल्या, आणि संध्याकाळी कुलूप स्वतः ओढून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पट्टे तिथेच होते. उलट जास्त ठसठशीत, घट्ट धरल्यासारखे.

त्याच दिवशी ताई विचारपूस करायला आली. चाक काढून ठेवलेलंच होतं. ती कितीतरी वेळ डिस्ककडे बघत राहिली, मग पदर सावरून म्हणाली, "राहू दे रे आवाज. आवाजानं काय बिघडतंय?"

"भाऊजींनी जन्मभर सगळ्यांना मागे ओढलं, तेवढं पुरे झालं," मामा म्हणाले. "आता पोरीला तरी जाऊ दे."

जाताना ताईनं मडगार्डवर हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं पुटपुटून मामा कामाला लागले.

आता त्यांना गाडी दुरुस्त करायची नव्हती, तिची खोड मोडायची होती. त्यांनी नव्या डिस्क आणल्या, नवी पॅडं आणली, पॅडं दाबणारे कॅलिपरही बदलले. कॅलिपरला ब्रेक ऑइलची नळी जोडताना तांब्याची वायसर, ती चपटी चकती, दर वेळी नवी घालायची असते, नाहीतर जोड गळतो. ही गोष्ट मामांनी अनेकांना दरडावून शिकवली होती. पण डबीतल्या वायसर संपल्या होत्या, दुकान लांब होतं, आणि ब्रेकमास्तरांच्या खटाऱ्यासाठी एवढे लाड कोण करणार? त्यांनी जुन्याच वायसर उलटवून घातल्या.

ब्रेक झकास लागले. आवाज साफ बंद झाला. वळणावर गाडी सुतासारखी वळली. ताईच्या घरी जाऊन मामांनी किल्ली भाचीच्या हातात दिली आणि ताईला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "खुशाल जा. आता तुला कुणी अडवत नाही."

भाची हजर व्हायला निघाली त्या दुपारी मामांचा फोन वाजला.

"मामा, तू ये." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ब्रेक लागलेच नाहीत. मला काही झालं नाही. पण तू ये."

डोंगराच्या उतारावरच्या एका वळणावर गाडी उभी होती. पुढची चाकं कठड्याच्या तुटलेल्या भागाशी थांबली होती. त्यापलीकडे रस्ता नव्हता, खाली झाडांचे शेंडे दिसत होते.

मामांनी बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची बाटली कोरडी होती. दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूनं तेलाचे ओघळ आले होते, नळीच्या जोडापासून, बरोबर वायसरपासून.

"पॅडल खालपर्यंत गेलं," भाची सांगत होती. "हँडब्रेक मला सुचलाच नाही. मी डोळे मिटून घेतले. मग तो आवाज आला, पहिल्यासारखा. आणि गाडी थांबली. मी काहीच केलं नव्हतं रे."

मामांनी गाडी आधी मागे घेतली, चाकांना दगड लावले, जॅक लावला आणि एक चाक काढलं.

नवी कोरी डिस्क गंजून लाल झाली होती.

गंजात चार रेघा होत्या. त्या डिस्कभर गोल फिरल्या होत्या, पुन्हापुन्हा, एकमेकींवरून, फिरतं चाक कुणी धरायला जावं आणि हात निसटत राहावा तशा. एका जागी त्या संपत होत्या. तिथे चार बोटं स्पष्ट उमटली होती.

मामांनी डिस्क ढकलून पाहिली. ती सहज फिरली. पॅडांची पकड अजिबात नव्हती.

त्यांनी ती थांबवली. मग काय मनात आलं कोण जाणे, आपली चार बोटं त्यांनी त्या चार खुणांवर ठेवली.

लोखंड तापलेलं नव्हतं, गारही नव्हतं. हाताला हात लागल्यावर जाणवते तेवढीच ऊब होती.

"मामा," मागून भाचीनं विचारलं, "दुरुस्त होईल ना?"

मामा आपली बोटं सोडवून घ्यायला बघत होते.