न वाजणारा कॅमेरा

"हलवून बघा, बाई. आत काहीतरी सुटलंय."

पक्षीकाकांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि फसवल्या गेलेल्या माणसासारखा चेहरा केला. निवृत्तीनंतर पक्ष्यांच्या फोटोंचं वेड लागलेले हे गृहस्थ महिन्यातून दोनदा तरी दुकानात येत. दुकान कॅमेरादुरुस्तीचं, जेमतेम दहा पावलं लांबीचं. चालवणाऱ्या बाईंचं खरं नाव पाटीवर होतं. पण डोळ्याला सतत लावलेल्या भिंगामुळे सगळी गिऱ्हाइकं त्यांना भिंगबाईच म्हणत.

भिंगबाईंनी कॅमेरा कानाशी नेऊन हलवला. खुळखुळ आवाज आला. मग तो सुरू केला आणि पुन्हा हलवला. आवाज गेला.

"काही सुटलेलं नाही. या मॉडेलमध्ये सेन्सर चुंबकांवर तरंगतो. हात थरथरला तरी फोटो हलू नये म्हणून. कॅमेरा बंद असला की तो सैल पडतो. वाजायलाच हवा."

"पण विकणाराच म्हणाला, थोडा खुळखुळतो, म्हणून स्वस्तात देतोय."

"त्याला माहीत नसेल. कोण होता?"

"मोबाइलवरची जाहिरात. चौकात भेटला, हेल्मेटसुद्धा काढलं नाही. म्हटलं, पळून जायच्या तयारीत आलायस की काय."

"आणि तरी घेतलात."

"स्वस्त होता हो. आत एक कार्डसुद्धा फुकट मिळालं." काकांनी आवाज उतरवला. "पण आकाशाच्या प्रत्येक फोटोत वर उजवीकडे एक ठिपका येतो. घारीच्या मागे माशी लागल्यासारखा. आणि समोर नावावर हा चिकट डाग. पेट्रोलने पुसू?"

"काही लावू नका. ठिपका म्हणजे सेन्सरवरची धूळ. ठेवून जा, उद्या साफ करून देते."

काका बाहेर पडले आणि फोन वाजला.

पलीकडे चौकशी अधिकारी होते. स्लॅब कोसळल्याच्या प्रकरणात एक कॅमेरा पाठवत असल्याचं त्यांनी सांगितलं.

"तो कधीपासून बंद आहे, एवढंच लिहून द्यायचं. उद्या दुपारी माझा अहवाल जातो."

"एवढ्याशा गोष्टीवर काय अडलंय?"

"एका माणसाची सुटका."

प्रकरण पेपरांत येऊन गेलं होतं. बारा दिवसांपूर्वी, एका शुक्रवारी, बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा ओला स्लॅब खाली आला आणि दोन मजूर दगावले. कामाचे रोज फोटो काढून तडे दाखवायला कंपनीने एक फोटोग्राफर ठेवला होता. तो आता कोठडीत होता. त्याचं म्हणणं, गुरुवारी चौथ्या मजल्याच्या तुळईला तडा दिसला, त्याचे फोटो काढले, साइट इंजिनिअरला दाखवले. तरी शुक्रवारी काँक्रीट ओतलं. कंपनीचं म्हणणं, बुधवारी संध्याकाळीच त्याचा कॅमेरा बंद पडला, गुरुवारी तो वर चढलाच नाही, वहीत नुसती सही ठोकली. पंचनाम्यात नोंद होती ती अशी : 'काळा कॅमेरा, एक. बंद. आत कार्ड नाही.'

अर्ध्या तासाने कॅमेरा घेऊन साइट इंजिनिअर आला. जाड चष्म्याचा, हळू बोलणारा. मागोमाग फोटोग्राफरची बायको, हातात प्लास्टिकची फाइल.

"मी येणार नव्हते," ती इंजिनिअरकडे बघत म्हणाली. "भाऊजीच म्हणाले, वहिनी, तुमच्या डोळ्यांसमोर होऊ दे, मग मनात शंका नको."

इंजिनिअरने कॅमेरा पुढे केला. समोरच्या नावावर काळी चिकटपट्टी होती.

"ती यांचीच सवय," बायको म्हणाली. "गर्दीत कुणाची नजर जाऊ नये म्हणून लावतात."

"मी हलवूनही बघितला," इंजिनिअर म्हणाला. "काही वाजत नाही. म्हणजे आत तुटलेलं नसावं. आपोआपच बंद पडलाय."

भिंगबाईंनी कॅमेरा हातात घेतला. "इतके दिवस कुठे होता?"

"साइटवरच्या कपाटात. किल्ली स्टोअरकीपरकडे."

"एकच किल्ली?"

"दुसरी ऑफिसात असते."

बोलता बोलता त्याने काउंटरवरचा विक्रीचा कॅमेरा सहज उचलला, चष्मा कपाळावर सरकवला, डोळा लावला आणि बोटाने बाजूचं छोटं चाक फिरवून रस्त्याकडे पाहिलं.

"नाद दिसतोय," भिंगबाई म्हणाल्या.

"होता. आता वेळ कुठे."

"यांना कॅमेरा धरायला भाऊजींनीच शिकवलं," बायको म्हणाली. "काम लावून दिलं तेही त्यांनीच."

"तुमचे मिस्टर चष्मा लावतात?"

"छे. सुईत दोरा माझ्याआधी ओवतात." ती किंचित हसली आणि लगेच थांबली. "बाई, मुलगी शाळेत जात नाहीये. वर्गात एकीने विचारलं, तुझ्या बाबांनी माणसं मारली का. तुम्ही जे असेल तेच लिहा. पण नीट बघून लिहा."

"त्यांना हा कॅमेरा दाखवला कुणी?"

"त्यांना कोण काय दाखवतंय?"

फाइल तिने तिथेच ठेवली. त्यात नवऱ्याने बुधवारपर्यंत कंपनीला दिलेल्या फोटोंच्या प्रती होत्या.

दोघं गेल्यावर भिंगबाईंनी कॅमेरा उघडला. आतल्या पट्टीवर हिरवट बुरशीसारखा गंज चढला होता, स्क्रूच्या खाचांपर्यंत. तळावरचा नंबर खरवडलेला होता. चिकटपट्टीची कड नखाने उचलली. डिंक अजून ताजा होता. डोळा लावायच्या काचेशेजारचं चाक शून्यावर नव्हतं, उणे तीनवर होतं. आणि कार्डासाठी खाच एकच होती.

मग त्यांनी फाइलमधले फोटो भिंगाखाली घेतले. पांढरी भिंत. वर, उजवीकडे, एक ठिपका. दुसरी भिंत. तिथेच ठिपका. तिसरी. प्रतींच्या खाली फोटोंचे नंबर छापलेले होते. शेवटचा, बुधवारचा, ४२१३.

त्यांनी फळीवरच्या पक्षीकाकांच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला.

"काका, फुकटच्या कार्डात काही होतं?"

"भिंती. कसल्याशा भेगा. दुसऱ्याच्या भिंती ठेवून मी काय करू? पुसल्या."

"आणि त्यावर नंतर काय काढलंत?"

"तीसेक पक्षी. का हो, ते कार्डही खराब आहे का?"

"नाही. तुमच्या पहिल्या फोटोचा नंबर आठवतो?"

"आठवायला कशाला हवा, वहीत आहे. ४२६६. बगळा. जरा हललाय."

"कार्ड कॅमेऱ्यातच आहे ना?"

"दुसऱ्या खाचेत. पहिलीत माझं."

"उद्या कॅमेरा मिळणार नाही, काका."

"बिघाड मोठा आहे?"

"हो," भिंगबाई म्हणाल्या. "पण कॅमेऱ्यात नाही."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्या चौकशी अधिकाऱ्यांच्या खोलीत होत्या. इंजिनिअर, स्टोअरकीपर आणि फोटोग्राफरची बायको, तिघांना त्यांनी मुद्दाम बोलावून घ्यायला लावलं होतं. स्टोअरकीपरच्या कपाळावर घाम होता.

"किल्ली माझ्याकडे होती म्हणून चोर मीच का?" तो बसता बसताच म्हणाला.

"तुला अजून कुणी काही विचारलं नाही," अधिकारी म्हणाले.

भिंगबाईंनी पिशवीतून एक कॅमेरा काढला. "हा माझ्या दुकानातला. बंद कॅमेऱ्याचंच मॉडेल, फक्त चालू. एक तपासणी करायची आहे. खिडकीतून समोरची पाटी वाचता येते का, प्रत्येकाने बघा."

अधिकाऱ्यांनी डोळा लावला. "धुरकट आहे सगळं."

"पाण्यात डोळे उघडल्यासारखं," स्टोअरकीपर म्हणाला.

बायकोलाही अक्षरं लागेनात.

इंजिनिअरने चष्मा कपाळावर चढवला आणि कॅमेरा घेतला. "येतंय की वाचता. 'वाहने उभी करू नयेत.' साहेब, तुम्हाला सवय नाही याची."

"बाजूचं चाक फिरवलंत?" भिंगबाईंनी विचारलं.

"गरज नाही पडली."

"बरोबर. ते आधीच तुमच्या डोळ्याचं आहे."

इंजिनिअरने कॅमेरा सावकाश खाली ठेवला.

"हे चाक ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे लावतात," त्या अधिकाऱ्यांकडे वळल्या. "तुम्ही पाठवलेल्या बंद कॅमेऱ्यात ते जिथे होतं, तिथेच मी या कॅमेऱ्यात लावलं. फोटोग्राफरची नजर साफ आहे. त्याला त्या कॅमेऱ्यातून पाटीही दिसली नसती, तडा तर लांबच. तो कॅमेरा त्याचा नाहीच."

"मग कुणाचा?"

"पाणी शिरून केव्हाच निकामी झालेला जुना कॅमेरा आहे. आतला गंज काही महिन्यांचा आहे, बारा दिवसांचा नाही. आणि बुधवारपर्यंत तर फोटोग्राफर रोज फोटो देत होता. नंबर खरवडला, समोर नवी काळी पट्टी लावली. बाहेरून हे जुनं आणि त्याचं नवं, दोन्ही मॉडेलं सारखीच दिसतात. ज्याने फरक ओळखला असता तो कोठडीत."

"पण कार्ड काढून घेतलं असतं तरी भागलं असतं," अधिकारी म्हणाले. "अदलाबदल कशाला?"

"नुसतं कार्ड गायब झालं असतं तर तुम्ही चोर शोधला असता. बंद कॅमेरा मिळाला, म्हणून तुम्ही फोटोग्राफरला खोटारडा ठरवलंत."

अधिकाऱ्यांनी पेनचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. "आणि त्याचा खरा कॅमेरा?"

"माझ्या एका गिऱ्हाइकाने विकत घेतला. पट्टी काढल्याचा चिकट डाग समोर आहे. फोटोत जो ठिपका येतो तोच, त्याच जागी, या फाइलमधल्या भिंतींवर आहे. सेन्सरवरची धूळ दोन कॅमेऱ्यांत एकाच जागी बसत नाही. बुधवारचा शेवटचा नंबर ४२१३. गिऱ्हाइकाचा पहिला ४२६६. मधले बावन्न फोटो कुणीतरी काढलेत."

बायकोने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. "मिळाले?"

"एकवीस. गिऱ्हाइकाने पुसले होते, पण पुसलेले फोटो वर नवे बसेपर्यंत परत काढता येतात. बाकीच्यांवर त्याचे पक्षी बसले होते." भिंगबाईंनी पाकीट पुढे केलं. "तुमचे मिस्टर प्रत्येक फोटो दोन कार्डांवर उतरवतात. या कॅमेऱ्याला दोन खाचा आहेत. विकणाऱ्याने एकच कार्ड काढलं. त्याच्या स्वतःच्या कॅमेऱ्याला खाच एकच होती, त्यामुळे दुसरी बघायचं त्याला सुचलंच नाही. तसंच आवाजाचं. हा नवा कॅमेरा बंद असताना वाजतो, वाजलाच पाहिजे. त्याला वाटलं बिघडलाय. म्हणून गिऱ्हाइकाला सांगितलं, खुळखुळतो, स्वस्तात घ्या. आणि काल माझ्या दुकानात सांगितलं, वाजत नाही, म्हणजे आत तुटलेलं नाही."

"असं कुणीही म्हणेल," इंजिनिअर म्हणाला. "माझ्या नंबरचा चष्मा निम्म्या गावाला आहे."

"असेल. सोळावा फोटो बघा, साहेब."

अधिकाऱ्यांनी तो उजेडात धरला. तुळई, तिरका तडा, शेजारी मोजायची टेप. टेपचं टोक धरून वाकलेला माणूस जाड चष्म्यातून थेट तड्याकडे पाहत होता. फोटोवर छापलेली वेळ गुरुवार, दुपारी तीन चाळीस.

अधिकाऱ्यांनी फोटो इंजिनिअरपुढे ठेवला.

"काँक्रीटच्या गाड्या सांगून ठेवल्या होत्या," इंजिनिअर म्हणाला. कुणाकडेच न बघता. "एक दिवस थांबलो असतो तर… मला वाटलं, टेकू वाढवले की धरेल."

"वाढवले?"

"चार."

अधिकाऱ्यांनी लिहिलं. दारातल्या शिपायाला आत बोलावलं, आणि फोटोग्राफरच्या सुटकेचं पत्र टाइप करायला सांगितलं. मग लेखणी थांबवून विचारलं, "एक समजत नाही. तो कॅमेरा फोडून टाकायचा होता. विकलात कशाला?"

इंजिनिअरने चष्मा काढून हातात घेतला. "हातोडी घेतली होती. पण चालू कॅमेरा होता तो. चांगल्या हातात जाईल असं वाटलं. फोडवेना."

फोटोग्राफरची बायको उठली. एकवीस फोटो तिने एकावर एक नीट लावले.

"आणि यांना बारा दिवस आत ठेववलं, भाऊजी?"

ती पत्रासाठी टाइपरायटरशेजारी जाऊन उभी राहिली.

पुरावा म्हणून खरा कॅमेरा पाकिटात घालायचा होता. भिंगबाईंनी तो बंद करून आत सोडला. आत काहीतरी खुळखुळलं. स्टोअरकीपर दचकला. "बिघडला काय हो?"

"नाही," भिंगबाई म्हणाल्या आणि पाकिटाचं तोंड चिकटवलं. "चांगला आहे."