खाचेतली खोली

मिरजेच्या 'पुनःस्वर' प्रयोगशाळेत एकच कडक नियम होता : सुई तबकडीवर टेकली की तोंड बंद. नियम शाकीरचाचांचा. मेलेल्या तबकड्यांना तीस वर्षं बोलकं करणाऱ्या माणसाची काहीतरी खोड असायचीच, म्हणून सुलक्षणा मगदूम त्यावर नेहमी हसायची.

२०३४ सालच्या त्या मंगळवारी दुपारी मात्र तिला हसू येत नव्हतं.

यंत्रावर कुमुदिनी वाळवेकरांची तबकडी फिरत होती. ही गायिका आता कुणाला आठवतही नाही. मूळ फिती जळून गेलेल्या, उरलेली ही एकच प्रत, तीही प्रयोगशाळेच्या मालकांच्या घरची. पुनर्मुद्रणासाठी देताना ते, अच्युतराव रेठरेकर, म्हणाले होते, "तिसऱ्या मिनिटाला सुई उडते. तेवढा ओरखडा काढा, बाईसाहेब." भांडीवाली असो की कलेक्टरीण, त्यांच्या लेखी प्रत्येक बाई 'बाईसाहेब'च.

ओरखडे काढायला सुलक्षणाने स्तरविलगक यंत्र बनवलं होतं. खाचेतल्या खरखरीचे थर ते एकेक करून सुटे करायचं.

"चाचा, हे ओरखडे नाहीतच," ती म्हणाली. "तबकडी वाजताना खोलीतला आवाज सुईला हादरवतो. सुई हिऱ्याची, तबकडी मऊ. तो हादरा खाचेच्या भिंतीवर कोरला जातो. कानाला कळत नाही, यंत्राला कळतो. जितक्या वेळा वाजवली, तितके थर."

"म्हंजे तबकडी ऐकवते, तशी ऐकते पण?" चाचाही नियम विसरले.

"हो. खाचस्मृती म्हणू या. आता हा थर ऐका."

गाण्याखालून एका बाईचा आवाज आला. "अहो, हात सोडा! पडेन मी!"

मग पुरुषाचा, अगदी शांत. "हळू बोला, बाईसाहेब. खिडकी उघडी आहे."

मग दणका. सुई उडायची ती तिथेच.

शाकीरचाचांनी बंद दाराकडे पाहिलं. पंचवीस वर्षांपूर्वी रेठरेकरांची बायको जिन्यावरून पाय घसरून गेली, हे सगळ्या मिरजेला ठाऊक होतं. अच्युतराव तेव्हा परगावी होते, हेही.

"आत्ताच जायचं का पोलिसांत?" चाचांनी विचारलं.

"मालक बाहेरच बसलेत. तबकडी नेणार कशी? उद्या ते सांगलीला जातील. आपण दहा वाजता पोलिसांत जाऊ."

"त्यांना सुगावा लागला तर?"

"कसा लागेल? ऐकायला आहे कोण इथे?" एवढं बोलून झाल्यावर तिने सुई उचलली.

रात्रभर तिला डोळा लागला नाही. सकाळी साडेनऊला ती आली, तेव्हा चाचांची सायकल दारात होती. चाचा दिसेनात. आत यंत्रापाशी, कानांना श्रवणी लावून, अच्युतराव बसले होते. तबकडी फिरत होती.

"या. शाकीर गोदामात आहे," ते म्हणाले. "मी सांगलीचं रद्द केलं. म्हटलं, ओरखडा निघाला का बघावं. तुमचं यंत्र मोठं गुणी हो! सगळ्यात वरचा थर तर किती स्वच्छ आहे. कालचाच ना?"

काल सुई खाली होती, आणि सुलक्षणा बोलत होती.

"'आपण दहा वाजता पोलिसांत जाऊ,'" त्यांनी तिचं वाक्य तिच्याच ठेक्यात म्हणून दाखवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. "अजून अर्धा तास आहे."

"चाचा!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. गोदामातून ओ आली नाही.

"हळू बोला, बाईसाहेब."

अच्युतरावांनी आधी सुई उचलली. मग दाराला कडी लावली.